केबलचे वळण आणि केबलची घडी

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात नेटवर्क बसवण्याची कामे करताना, आयटीआय किंवा पदविका घेऊन नव्याने आलेली मुले हमखास विचारतात की केबल वाकवल्याने खराब होते का. माझा अनुभव असा, की वळण केबलला सोसते, घडी सोसत नाही.

नेटवर्कसाठी वापरतात त्या कॅट ६ केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे एका जोडीतला संकेत दुसरीत फारसा शिरत नाही. केबल कोपऱ्यात दुमडली की हा पीळ विस्कटतो, जोडीचा १०० ओहमचा इंपिडन्स, म्हणजे संकेताला होणारा विरोध, तेवढ्या जागी बदलतो आणि संकेताचा काही भाग उलट परततो. म्हणून वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या किमान चौपट ठेवतात. ६ मिलिमीटरच्या केबलला ती २४ मिलिमीटर होते.

नियम ठाऊक असूनही काम बिघडते ते पाइपात. विजेच्या वायरिंगचा एल्बो, म्हणजे पाइपाच्या कोपऱ्याचा जोड, एकदम काटकोनात वळतो, म्हणून मालकाकडे आग्रह धरून सावकाश वळणारा लांब बेंडच मागवावा. केबल अडली तर दोघांनी मिळून हिसका देऊ नये, कारण ओढण्याची मर्यादा ११० न्यूटन, म्हणजे सुमारे ११ किलो वजनाइतकीच आहे. टेबलापाशी, जिथे केबल रोज हलते, तिथे एकसंध तारेची केबल न लावता बारीक तारांची पॅच कॉर्ड वापरावी. एकसंध तार वारंवार वाकून आतल्या आत तुटते.

दिव्यांचा साधा टेस्टर तार जोडलेली आहे एवढेच सांगतो, पीळ विस्कटलेला आहे हे सांगत नाही. त्यासाठी, सगळ्या केबल जिथे येऊन जोडतात त्या नेटवर्क स्विचच्या पोर्टवर सीआरसी त्रुटी, म्हणजे वाटेत बिघडलेल्या माहितीची नोंद, वाढत आहेत का, ते पाहावे. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएस वेगाला, चारही जोड्या लागतात आणि १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, त्यामुळे वेग १०० वर अडकला तर एखादी जोडी तुटल्याची शंका आधी घ्यावी.

खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या केबलकडे मी विशेष लक्ष देतो. २० अंशांच्या वर दर अंशाला संकेताची घट साधारण ०.४ टक्के वाढते, आणि अशा लांब केबलमध्ये घडीही असली तर दुपारी तक्रार येतेच.

काचेच्या तंतूतून प्रकाशाने संकेत नेणाऱ्या फायबरचे वेगळे आहे. जी.६५७.ए२ या, जास्त वळण सोसणाऱ्या प्रकारची फायबर ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळते; वळण त्याहून आवळले तर प्रकाश बाहेर झिरपतो, पण काच तडकली नसेल तर सैल करताच संकेत पूर्ववत होतो. तांब्याच्या केबलची घडी मात्र हाताने सरळ केली तरी पीळ पहिल्यासारखा बसत नाही, त्यामुळे भिंत बंद होण्याआधीच ती केबल काढून नवी ओढावी.