कुत्र्याला ट्रेकला नेताय? आधी या चुका टाळा

मार्च महिना, कोरीगड, सकाळचे साडेदहा. आमचा बंड्या, चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, पायऱ्या उड्या मारत चढला आणि मधल्या गणपतीच्या देवळापाशी फतकल मारून बसला. मला वाटलं दमला असेल, बिस्कीट दाखवलं तर तोंड फिरवलं. लॅबने बिस्किटाला नाही म्हणायचं म्हणजे काहीतरी जाम गडबड आहे हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी फोटो काढत होतो. जीभ पसरट होऊन बाहेर लोंबलेली, लाळ चिकट, हिरड्या लालभडक, उठवलं तर मागचे पाय लटपटले. आमच्याकडचं सगळं पाणी त्याच्या पोटावर, जांघेत, पंजांवर ओतलं, बेडशीटची झोळी करून 32 किलोचं धूड चौघांनी खाली आणलं. डॉक्टरांनी मोजला तेव्हा ताप 105 च्या वर होता. कुत्र्याचं नॉर्मलच 101 ते 102.5 असतं, पण 105 म्हणजे धोक्याची घंटा. वाचला.

तर पहिली चूक हीच की दमला की तो थांबेल असं आपण धरून चालतो. नाही थांबत हो. तुम्ही पुढे चाललाय ना, मग तोही चालणार, पडेपर्यंत चालणार, त्यात लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हर तर सगळ्यात येडे, त्यांना फक्त तुमच्याबरोबर राहायचं असतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो, त्यामुळे थांबायचं कधी ते तुम्ही ठरवायचं. दर वीस मिनिटांनी सावलीत बसा, त्याने मागितलं नाही तरी पाणी समोर धरा, आणि चावेल म्हणून तोंडाला घट्ट कापडी जाळी बांधून चढवू नका, तोंड उघडून धापाच टाकता येत नाहीत मग.

दुसरी चूक म्हणजे रील बघून ब्रीड आणणं. 'लॅब आऊटडोअर डॉग आहे' हे खरं, पण कुठल्या आऊटडोअरचा? त्याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे, मच्छीमारांबरोबर बर्फासारख्या पाण्यात उतरणारे. अंगावर दुहेरी केस, आत मऊ लोकरीसारखा थर. त्याला धबधबा द्या, खूश. उन्हातला कातळ देऊ नका. हस्की सायबेरियातला, स्लेज ओढणारा, त्याच्याबद्दल काय बोलायचं, आणि उन्हाळ्यात त्याला भादरून आणणारे तर अजून महान, ते केस उन्हापासूनही वाचवतात. पग आणि बुलडॉगचं नाकच चपटं, श्वास घेतानाच घरघरतात, त्यांना गडावर नेऊच नका, फार तर बागेत. बीगल चालतो मस्त, पण नाक जमिनीला लागलं की तुम्ही कोण आणि मी कोण.

आपल्या हवेत खरा टिकतो तो आपला गावठी, आणि दुसरा कारवानी, ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात आणि ज्याचं 2005 ला टपाल तिकीटही निघालं. सडपातळ, आखूड केसांचा, कोरडा दुष्काळी मुलूख बघितलेला. फक्त तो नजरेने शिकार करणारा आहे, ससा दिसला की हाक बिक काही ऐकू येत नाही त्याला, म्हणून हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि लांब दोरी हवीच. आणि ब्रीड कुठलंही असो, मोठ्या जातीचं पिल्लू वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत मोठी चढण नको, हाडं पक्की झालेली नसतात.

वेळेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडायच्या आत सुरू आणि नऊ-साडेनऊपर्यंत खाली. हाताची उलटी बाजू कातळावर सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याच्या पंजांनाही तो भाजणारच. आम्ही आता लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जातो, वाट लांब आहे पण बरीचशी सपाट.

कुसळाबद्दल मात्र कोणीच सांगत नाही. पाऊस संपला की डोंगरावरचं गवत वाळतं आणि त्याची टोकदार कुसळं आपल्या सॉक्समध्ये घुसतात तशीच कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, कधी नाकात घुसतात. कुसळाला मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बंड्या एकदा दोन दिवस पंजा चाटत होता, आम्ही मुंगी चावली म्हणून हळद लावत बसलो, शेवटी गळू फुटलं आणि आतून पेराएवढं कुसळ निघालं. ट्रेकनंतर एकेक बोट फाकवून बघा, काखा आणि कान बघा, गोचीड असेल तर तीही तिथेच सापडते. डोकं सारखं झटकत असेल किंवा एकामागून एक शिंका येत असतील तर सरळ डॉक्टर, घरी चिमटा घालून खोल कोरत बसू नका.

बाकी पटापट सांगतो. तुमच्या डब्यातले मनुके आणि चॉकलेट त्याला विष आहे. लंगडला म्हणून आपली पॅरासिटामॉल द्यायची नाही. रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस झालेली हवी, पावसाळी डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. अभयारण्यात नेऊ नका, कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार जंगली जनावरांना होतो, 2018 ला गीरमध्ये त्याने सिंह मेलेत. आणि जुन्नरसारख्या बिबट्याच्या भागात तंबूबाहेर बांधून झोपलात तर सकाळी नुसता पट्टा मिळायचा.

आता घरी आलो की बंड्या स्वतःच आडवा पडून चारही पाय वर करतो. प्रत्येक पंजामागे एक बिस्कीट ठरलंय, आणि चारच्या जागी तीन दिली तर उठत नाही.