रीसलिंगला रॉकेलचा वास येतो? मग बाटली ओतू नका!

जर्मनीत मोझेल नदीकाठी राहायला येऊन मला सोळा वर्षं झाली. घरी पुण्याचा पाहुणा येवो की डोंबिवलीचा, त्याच्यापुढे रीसलिंग नावाच्या द्राक्षाची इथली पांढरी वाइन येतेच, आणि पाठोपाठ त्याच त्या चुकाही येतात. सुरुवात नावापासून. उच्चार 'रीसलिंग' असा आहे, 'रायस्लिंग' नाही.

आता माझं जुनं दुखणं. एका डिसेंबरात दीर आला होता. मी सांभाळून ठेवलेली 2001 ची श्पेटलेझे (उशिरा तोडलेल्या, जास्त पिकलेल्या द्राक्षांची रीसलिंग) बाहेर काढली, बूच उघडलं आणि पानं वाढायला आत गेले. दहा मिनिटांनी परत आले, तर हे महाशय बेसिनपाशी उभे. म्हणाले, "वहिनी, बाटली खराब निघाली. चक्क रॉकेलचा वास येत होता. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मीच ओतून टाकली." तळाशी जेमतेम दोन घोट उरले होते. ते मी उभ्याउभ्याच प्यायले, आणि त्या रात्री त्याला पाणीच मिळालं.

त्याचं नाक मात्र शंभर टक्के बरोबर होतं. रीसलिंग मुरली की हा वास येतोच. द्राक्षांतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून टीडीएन नावाचा पदार्थ बनतो आणि बाटलीत वर्षं जातील तसा तो वाढतो. द्राक्षांवर ऊन जास्त पडलं असेल, तर हा वास लवकर आणि ठळक येतो. इंग्रजी पुस्तकं याला पेट्रोलचा वास म्हणतात, पण लहानपणी स्टोव्हला पिन मारलेल्या माणसाला खरा शब्द ठाऊक असतो. जर्मनमध्ये 'पेट्रोलियम' म्हणजे रॉकेलच. या वासामागे मध, लिंबाची साल, सुकवलेले जर्दाळू असतात. तिथवर पोचायला ग्लास पाच मिनिटं हातात धरावा लागतो. खराब वाइन ओळखायची असेल, तर ओल्या पुठ्ठ्याचा वास लक्षात ठेवा. तो आला की खुशाल ओता.

दुसरी चूक मला पहिलीपेक्षाही जास्त छळते. एक घोट घेऊन लोक तोंड वाकडं करतात: "ही गोड आहे, म्हणजे हलक्या दर्जाची." अहो, पन्ह्यात गूळ असतो म्हणून त्याला कोणी पाक म्हणतं का? कैरीची आंबट धार आहे म्हणूनच तो गूळ लागतो. इथंही तेच. मोझेल साधारण 50 अंश उत्तर अक्षांशावर आहे, इतक्या वर द्राक्ष पिकणं हेच मुळात नवल. नदीकाठचे उतार उभे आहेत, ब्रेमजवळचा काल्मोंट तर काही ठिकाणी 65 अंशांपर्यंत चढतो. तिथल्या पाटीच्या दगडाचे काळपट कपचे दिवसा तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. तरीही द्राक्षं रेंगाळत ऑक्टोबरपर्यंत पिकतात, आणि थंडीमुळे त्यांतला आंबटपणा टिकून राहतो. त्या आंबटपणाला तोलायला थोडी साखर ठेवणं ही इथली खरी कारागिरी.

ज्यांना गोड नकोच, त्यांनी लेबलावर 'ट्रोकन' (म्हणजे कोरडी, गोड नसलेली) शोधावं. त्यात लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर असते. 'काबिनेट' आणि 'श्पेटलेझे' या शब्दांवरून गोडी ठरवू नका. तोडणीच्या वेळी द्राक्षं किती पिकलेली होती (काबिनेटची कमी, श्पेटलेझेची जास्त), एवढंच ते सांगतात. मी स्वतः बाटली फिरवून अल्कोहोलचा आकडा बघते. 8 टक्के असेल, तर बरीच साखर अल्कोहोल न होता तशीच राहिली आहे. 12 असेल, तर वाइन बहुतेक कोरडी. आजवर या आकड्याने मला क्वचितच फसवलंय.

फसवतात ती नावं. 'पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशेन' ही उतारावरची एक नावाजलेली द्राक्षबाग. 'पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग' हे नाव तसंच भारदस्त वाटतं, पण 1971 च्या कायद्याने कितीतरी गावांची जमीन, सपाटीवरचीसुद्धा, त्या एका नावाखाली आणली. घाईत स्वस्त बाटली उचलायची आणि मग "मोझेलमध्ये काही राम नाही" म्हणत फिरायचं, ही तऱ्हा मी फार पाहिली आहे.

फ्रीझरमध्ये बाटली कोंबू नका. विसरलात तर बूच वर सरकतं. लक्षात राहिलं तरी इतक्या गार वाइनला वासच उरत नाही, नुसता दात आंबवणारा आंबटपणा हाती लागतो. घाई असेल, तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला (नुसता बर्फ नको, तो बाटलीला सगळीकडून टेकत नाही) आणि वीस मिनिटं थांबा. वीस मिनिटं थांबवत नसेल, तर बिअर प्या. कोवळी काबिनेट 8 ते 10 अंशांना छान लागते, मुरलेली थोडी कमी गार.

ग्लासात बर्फ? नाही.

तळाशी काचेसारखे बारीक खडे दिसले, तर घाबरू नका आणि साखर समजून ढवळूही नका. चिंचेत जे टार्टरिक आम्ल असतं, त्याचेच हे स्फटिक, थंडीने बसलेले. शेवटचा घोट सोडून द्या, झालं.

जेवणाचं म्हणाल, तर तिखट कोळंबीबरोबर कमी अल्कोहोलची गोडसर काबिनेट. जास्त अल्कोहोलने तिखट आणखी भाजतं. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. गोडसर असेल, तर चार-पाच दिवस सहज टिकते. दीर आला की मी मात्र ती भाज्यांच्या कप्प्यात, कोबीच्या मागे ठेवते.