विक्कन विधींसाठी घरी तेल मुरवताना या चुका टाळा

विक्का म्हणजे निसर्गपूजा आणि जादू मानणारा आधुनिक पंथ; गेराल्ड गार्डनरने 1950च्या दशकात इंग्लंडमध्ये तो लोकांपुढे आणला. विक्काच्या विधींत अंगाला आणि मेणबत्तीला लावायला वनस्पती मुरवलेलं तेल लागतं, आणि ते मुरवायच्या बहुतेक कृतीही तिकडच्याच हवेला धरून लिहिलेल्या असतात. ‘बरणी खिडकीत ठेवा आणि सहा आठवडे विसरून जा’ हे तिथे ठीक आहे. ठाण्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, नेरूळ-बेलापूरला त्यात खाडीचा वारा. इथे विसरलेल्या बरणीत बुरशीच मुरते.

तेल बिघडायची कारणं बरीच, पण सगळ्यांचा म्होरक्या एकच, पाणी. जांभळी नाक्यावरून ताजी जुडी आणायची, धुवायची, तासभर पंख्याखाली पसरायची आणि बरणीत कोंबायची, हा नेहमीचा प्रकार. पान हाताला कोरडं लागतं, पण आतला रस हळूहळू तेलात उतरून तळाशी बसतो. आधी तेल गढूळ होतं, मग तेलाबाहेर डोकावणाऱ्या पानांवर पांढरे-हिरवे ठिपके दिसतात. पान मोडल्यावर कडकन तुटलं पाहिजे. नुसतं वाकलं तर ते अजून ओलं आहे. पावसाळ्यात घरी सावलीत वाळवायच्या भानगडीत पडूच नका. काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेला माल आणा, बरणी निम्मी भरा आणि सगळं बुडून वर बोटभर राहील इतकं तेल ओता.

ताजाच पाला वापरायचा हट्ट असेल तर तेल कढवा, माक्याचं तेल घरोघरी करतात तसं. पाला वाटून तेलात घालायचा आणि मंद आचेवर पाणी आटू द्यायचं. झालं की नाही हे बघायची जुनी खूण आजही चोख आहे: कापसाची वात त्या तेलात बुडवायची, पातेल्यापासून दूर नेऊन पेटवायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, निमूट जळली तर तेल उतरवा. चोथाही दोन बोटांत वळून बघा, न चिकटता त्याची वळी झाली पाहिजे. विस्तवावर चढवलं की वनस्पतीची शक्ती जाते, असं काही जण मानतात. विक्कात अग्नी हेही एक तत्त्वच आहे, तेव्हा मला त्या आक्षेपात दम वाटत नाही.

दुसरा घोळ तिथीचा. वाढत्या चंद्राबरोबर मागायचं, उतरत्या चंद्राबरोबर सोडायचं, हा विक्काचा हिशेब आपल्याला परका नाही. म्हणून उत्साहाने अमावस्येला बरणी भरतात आणि पौर्णिमेला गाळतात. पण न तापवता मुरवायला चार ते सहा आठवडे लागतात. पंधरवड्यात मिळतं ते जेमतेम वासाचं तेल. पौर्णिमेला भरून पुढच्या पौर्णिमेला गाळा, म्हणजे साधारण साडेएकोणतीस दिवस मिळतात. भिंतीवर कालनिर्णय असेल तर वेगळं अ‍ॅप कशाला? घाई असेल तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात बरणी ठेवा आणि दोन-तीन तास मंद आच द्या, पाणी उकळू देऊ नका. झाकणाच्या आत जमलेले थेंब मात्र पुसत राहा.

चंद्राची शक्ती तेलात यावी म्हणून बरणी चांदण्यात ठेवतानाही झाकण घट्ट हवं. चंद्रप्रकाश काचेतून जातोच, झाकण उघडं ठेवलंत तर त्याच्याबरोबर ओलही आत येते. उन्हाचं उलट: मे महिन्यात पश्चिमेच्या ग्रिलमध्ये ठेवलेलं तेल खवट होतं. बरणी तपकिरी कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल घातली की तेल बिघडत नाही, हाही गैरसमज. त्याने खवटपणा लांबतो, बुरशी थांबत नाही.

डिसेंबरात खोबरेलावरचं तेल गोठलं म्हणून घाबरू नका. ते 24 अंशांच्या आसपासच घट्ट होतं. घाण्याचं तिळाचं तेल टिकाऊ असतं, पण स्वतःच्या वासाने गुलाबाला खाऊन टाकतं.

कृतीत ‘बे लीफ’ असेल तर आपलं तमालपत्र म्हणजे तेच, असं समजू नका. ते लॉरेलचं पान, मधोमध एकच शीर असलेलं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्यावर लांबीने तीन शिरा असतात. वास वेगळा, तेलही वेगळं. बेसिल म्हणजे तुळस नव्हे, सब्जाचं झाड. घरच्या तुळशीला हात लावण्याआधी आईला विचारलेलं बरं, रविवारी आणि द्वादशीला बऱ्याच घरांत ती तोडत नाहीत.

आता त्वचेचं. मुरवलेलं तेल आणि बाटलीतलं इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीचा तीव्र सुगंधी अर्क, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरं नुसतं लावायचं नसतं; 30 मिली साध्या तेलात 12 थेंब घातले की साधारण 2 टक्के होतात, अंगाला तेवढं पुरे. दालचिनी आणि लवंग याहून फार कमी, मी तर ती मेणबत्तीपुरतीच ठेवेन. कपाळाला लावण्याआधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस थांबा. सतापाचं तेल लावून उन्हात गेलात तर चामडी भाजून फोड येऊ शकतात. आणि घोडबंदरच्या कडेला उगवलेला धोत्रा, ‘उडण्याच्या मलमा’च्या (ते लावून चेटकिणी उडतात, अशी युरोपातली जुनी समजूत) जुन्या कृती वाचून कितीही मोह झाला तरी, बरणीत घालू नका. त्यातलं अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलॅमिन त्वचेतूनही अंगात भिनतं.

मेणबत्तीला तेल माखायचं म्हणजे बोटाला जेमतेम लागेल इतकंच, वातीपासून लांब. वर वाळलेला पाला चिकटवला तर तोच वातीसारखा पेट घेतो. पडद्याशेजारच्या छोट्या देव्हाऱ्यात तर हे नकोच.

गाळताना फडकं पिळायचा मोह आवरा. रात्रभर निवळू द्या, वरचं अलगद ओता आणि तळाचा चमचाभर गाळ सोडून द्या. बाटलीवर वनस्पती, तेल आणि तारीख लिहा, ‘समृद्धी’ एवढंच लिहून चार महिन्यांनी काही कळत नाही. तेल तळहातावर चोळून वास घ्या. खवट झालं असेल तर अंगाला न लावता पणतीत जाळा. बुरशी दिसली तर गाळून वाचवू नका. वर्तमानपत्रात शोषून कचऱ्यात टाका, बेसिनमध्ये ओतू नका.