मोठ्या बजेटचे ॲनिमेशनपट का आपटतात? या चुका टाळा

२०२२ च्या हिवाळ्यात महिन्याभराच्या अंतराने दोन मोठे ॲनिमेशनपट लागले. आधी डिस्नेचा 'स्ट्रेंज वर्ल्ड', मग ड्रीमवर्क्सचा 'पुस इन बूट्स: द लास्ट विश'. दोन्ही बुधवारी प्रदर्शित झाले. अमेरिकेत पहिल्या शुक्रवार ते रविवारची कमाई दोघांचीही साधारण सारखीच, सव्वा कोटी डॉलरच्या आसपास. त्या सोमवारी नुसता आकडा बघणाऱ्याने दोन्ही चित्रपट पडले असंच म्हटलं असतं. पण 'स्ट्रेंज वर्ल्ड' अमेरिकेत पावणेचार कोटींच्या थोडं पुढे जाऊन थांबला आणि 'पुस इन बूट्स' साडेअठरा कोटींवर पोचला.

म्हणून ॲनिमेशनपट का पडला हे शोधताना पहिली चूक टाळायची ती ही: पहिल्या विकेंडचा आकडा आणि चित्रपटाचा दर्जा यांची गल्लत करू नका. पहिल्या तीन दिवसांत लोक जाहिरात, नाव, तारीख आणि ओळखीचं पात्र यांवर येतात. चौथ्या दिवसापासून ते एकमेकांच्या सांगण्यावरून येतात. एकूण कमाईला पहिल्या विकेंडच्या कमाईने भागलं की दुखणं नेमकं कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं. पिक्सारचा 'एलिमेंटल' (२०२३) अमेरिकेत जेमतेम तीन कोटींवर उघडला, तेव्हा सगळ्यांनी त्याला मोडीत काढलं होतं. तो तिथेच पंधरा कोटींपुढे गेला, म्हणजे पाचपट, आणि जगभरात जवळपास ५० कोटी. त्याच्या आदल्या वर्षीचा 'लाइटइयर' पाच कोटींवर उघडला, दुसऱ्या विकेंडला जवळजवळ दोन-तृतीयांश कोसळला आणि अमेरिकेत सव्वादोन पटीच्या जरा पुढे थांबला. दोघांचं बजेट २० कोटींच्या घरात. 'एलिमेंटल'चं दुखणं विक्रीत होतं, 'लाइटइयर'चं खुद्द चित्रपटात. या दोन दुखण्यांवर एकच औषध चालत नाही.

कथा दुरुस्त करायला फार उशीर

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही चूक, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

नटांना घेऊन केलेल्या चित्रपटात शूटिंग आधी होतं आणि संकलन नंतर. दिग्दर्शकाकडे निवडायला पाच टेक असतात. ॲनिमेशनमध्ये हा क्रम उलटा आहे. आधी संकलन, मग निर्मिती. स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंगवार काढलेली कच्ची चित्रं एकामागे एक लावतात, स्टुडिओतल्याच कुणाच्या तरी आवाजात संवाद भरतात, उसनं संगीत टाकतात आणि पूर्ण लांबीची एक कच्ची रील तयार होते. पेन्सिलीच्या रेघा, हललेच तर दोन-चार हातवारे, मागे ऑफिसातल्या माणसाने वाचलेला नायकाचा संवाद. या रीलवर खोलीतले लोक हसले नाहीत, तर पुढे त्यावर कितीही सुंदर प्रकाश टाकला तरी थिएटरात कुणी हसत नाही. तिथे प्रसंग बदलायचा म्हणजे काही दिवसांचं काम. तोच प्रसंग ॲनिमेशन, प्रकाशयोजना आणि रेंडरिंग (संगणकाकडून अंतिम चित्र काढून घेणं) होऊन गेल्यावर बदलायचा तर अनेक विभागांचे कित्येक महिने पाण्यात. दीड तासाच्या चित्रपटात सेकंदाला २४ प्रमाणे १,२९,६०० फ्रेम असतात, आणि चांगला ॲनिमेटरही आठवड्याला मोजकेच सेकंद पुरे करतो.

पिक्सारच्या 'टॉय स्टोरी'ची अशीच एक रील १९९३ च्या नोव्हेंबरात डिस्नेच्या लोकांना दाखवली, तेव्हा त्यातला नायक, वुडी नावाचा बाहुला, इतका कुजकट आणि दुष्ट वाटला की काम तिथेच थांबवावं लागलं. पटकथा पुन्हा लिहिली गेली आणि १९९५ मध्ये आपण पाहिला तो वुडी त्यातून आला. वाईट रील निघण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ती त्यासाठीच काढतात.

त्याच पिक्सारच्या 'द गुड डायनोसॉर'च्या बाबतीत मात्र गाठ उशिरा सुटली. २०१३ मध्ये दिग्दर्शक बॉब पीटरसन यांना बाजूला केलं, प्रदर्शन मे २०१४ वरून नोव्हेंबर २०१५ वर गेलं, कथा मुळापासून बदलली, आवाज देणारे बहुतेक कलाकारही बदलले. जगभरात ३३ कोटी डॉलर मिळूनही चित्रपट तोट्यात गेला. पडद्यावरचे डोंगर, नदी, पाऊस आजही पाहावेत इतके देखणे आहेत. त्या निसर्गावर घेतलेली मेहनत बघताना मला दरवेळी वाटतं की कथेला एवढाच वेळ आधी मिळायला हवा होता. तो पूर्ण करणारे पीटर सोन पुढे 'एलिमेंटल'चे दिग्दर्शक झाले, हेही विसरू नये. एका पडलेल्या चित्रपटावरून माणसाची किंमत ठरवली असती तर तो चित्रपट झाला नसता.

उपाय साधा आहे, पण पाळायला कठीण. रील पटत नाही तोवर पुढच्या विभागांना काम देऊ नका. आणि ती अशा माणसांना दाखवा ज्यांना पात्रांची नावं, त्यांचा इतिहास, तुम्ही घेतलेले कष्ट, यातलं काहीच ठाऊक नाही. 'ते ॲनिमेशन झाल्यावर छान वाटेल' हे वाक्य मीटिंगमध्ये ऐकू आलं, की तो प्रसंग तसाच पुढे जाऊ देऊ नका.

हिशेब खर्चाच्या बरोबरीला केला

'बजेट २० कोटी, कमाई २२ कोटी, म्हणजे दोन कोटी नफा' हा हिशेब सपशेल चुकीचा. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा. चीनमध्ये परदेशी चित्रपटाच्या हाती येतो जेमतेम चौथा हिस्सा. शिवाय जाहिरातीचा खर्च बजेटमध्ये धरलेलाच नसतो आणि मोठ्या चित्रपटाला तो कित्येक कोटींचा असतो. त्यामुळे धंद्यात ढोबळ मानाने बजेटच्या अडीचपट कमाई झाली की चित्रपट काठावर आला असं धरतात. या हिशेबाने 'लाइटइयर'ला ५० कोटींची गरज होती. मिळाले २२ कोटी ६० लाख.

२०१० सालची जोडी बघा. 'टँगल्ड'ला अनेक वर्षं घडत-मोडत गेल्यामुळे २६ कोटी डॉलर लागल्याचं सांगतात. जगभरात कमाई ५९ कोटींवर, म्हणजे अडीचपटीलाही कमीच. त्याच वर्षी नव्या इल्युमिनेशन कंपनीचा 'डिस्पिकेबल मी' ६ कोटी ९० लाखांत झाला आणि त्याने ५४ कोटी मिळवले. पहिला चित्रपट मला जास्त आवडतो, पण दुसरा बनवणाऱ्यांना रात्री झोप चांगली लागली असणार. कमी खर्चात चुकायची मुभा मिळते. २० कोटींच्या चित्रपटाला लहानथोर, देशोदेशीचे सगळेच प्रेक्षक हवे असतात, आणि सगळ्यांना आवडेल असं करायला गेलं की कथेचे कोपरे घासून गुळगुळीत होतात.

म्हणून बजेट ठरवताना आधी प्रेक्षकांकडून किती कमाई होईल ते मोजा, मग तिला अडीचने भागा. उलट क्रमाने जाऊ नका.

हुबेहूब माणूस काढण्याचा हट्ट

'फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन' (२००१) साठी होनोलुलूमध्ये खास स्टुडिओ उभारला होता. नायिका आकीच्या डोक्यावर सुमारे साठ हजार केस होते, आणि त्यांची हालचाल संगणकाकडून वेगळी काढून घ्यावी लागे. त्या काळात हे अचाट होतं. चेहऱ्यावरची त्वचा, तीळ, केसांची बट, सगळं खरं. आणि ती बोलायला लागली की नजर कुठेच टेकत नाही, ओठ आणि डोळे एकाच माणसाचे वाटत नाहीत. खर्च १३ कोटी ७० लाख, जगभरची कमाई साडेआठ कोटी. स्टुडिओ बंद झाला.

जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच यंत्रमानवांबद्दल हे सांगून ठेवलं होतं: माणसाशी साम्य वाढत जातं तसं ते आपल्याला आवडत जातं, पण अगदी जवळ पोचल्यावर अचानक किळस वाटायला लागते. तरी दहा वर्षांनी तेच झालं. अभिनेत्यांच्या हालचाली टिपून बनवलेला 'मार्स नीड्स मॉम्स' (२०११) १५ कोटी खाऊन चार कोटींच्या आतच थांबला. रजनीकांतचं नाव असूनही 'कोचडैयान'ला (२०१४) पुतळ्यासारख्या चेहऱ्यांची तक्रार ऐकावी लागली.

'टॉय स्टोरी'च्या वेळी संगणकाला प्लॅस्टिक चांगलं जमायचं आणि त्वचा जमत नव्हती, म्हणून नायक खेळणी झाले. हातातल्या तंत्राला जे जमतं त्यातून पात्र निवडणं यात कमीपणा काही नाही. शंका असेल तर एक चाचणी करा: पात्राचा फक्त चेहरा, संवादाशिवाय, दहा सेकंद, कुणाचं तरी ऐकत असताना. तेवढ्यात ते जिवंत वाटलं नाही तर केसांवर पैसे घालू नका.

चित्रपट कुणासाठी, हेच ठरलं नाही

'टायटन ए. ई.' (२०००) लहान मुलांना जड आणि किशोरवयीनांना 'कार्टून' वाटला. साडेसात कोटींहून जास्त खर्च झाला, जगभरातून पावणेचार कोटीही आले नाहीत, आणि प्रदर्शनानंतर काही दिवसांतच फॉक्सने फीनिक्समधला ॲनिमेशन स्टुडिओ बंद केला. 'लाइटइयर'चा घोळ निराळा होता. सुरुवातीलाच पडद्यावर लिहून सांगावं लागलं की १९९५ साली 'टॉय स्टोरी'तल्या अँडी या मुलाने पाहिलेला त्याचा आवडता चित्रपट तो हाच. जी गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय चित्रपट कशाबद्दल आहे हे कळत नाही, ती पोस्टरवर मावत नाही.

ही पोकळी भरायला नामवंत नटांचे आवाज घेतले जातात. 'टायटन ए. ई.'मध्ये मॅट डेमन होता, 'सिंदबाद'मध्ये (२००३) ब्रॅड पिट. दोन्ही पडले. शिवाय परदेशांत चित्रपट डब होऊन जातो, तेव्हा तो महागडा आवाज तिथे ऐकूच येत नाही.

तारीख आणि घरचा पडदा

डिस्नेचा 'ट्रेझर प्लॅनेट' २७ नोव्हेंबर २००२ ला लागला. बारा दिवस आधी हॅरी पॉटरचा दुसरा भाग आला होता, आणि महिन्याच्या सुरुवातीला खुद्द डिस्नेचाच 'सँटा क्लॉज २'. तिन्हींचा प्रेक्षक तोच, घरटी तिकिटाचे पैसेही तेच. १४ कोटींच्या चित्रपटाने जगभरात ११ कोटी केले. शत्रूची तारीख सगळे बघतात, स्वतःच्याच कंपनीचं वेळापत्रकही बघा.

घरी बघायची सवय हे नवं कारण. पिक्सारचे 'सोल', 'लुका', 'टर्निंग रेड' अमेरिकेत थेट डिस्ने प्लसवर आले आणि कुटुंबांनी थांबायला शिकलं. 'स्ट्रेंज वर्ल्ड' तर महिन्याभरातच तिथे आला. पण सगळा दोष यावर टाकू नका. 'पुस इन बूट्स'ही जेमतेम अडीच आठवड्यांनी घरी भाड्याने मिळू लागला होता, आणि तरी थिएटरात चालत राहिला. 'पुस इन बूट्स'साठी घरीही वेगळे पैसे मोजावे लागत होते, 'स्ट्रेंज वर्ल्ड' मात्र डिस्ने प्लसच्या आधीच भरलेल्या वर्गणीत येत होता.

पडल्यावरची चूक

ही सर्वांत महागात पडते, कारण ती पुढच्या दहा चित्रपटांना भोवते. २००२ ते २००४ मध्ये 'ट्रेझर प्लॅनेट', 'सिंदबाद', 'होम ऑन द रेंज' हे हाताने रेखाटलेले चित्रपट पडले आणि अमेरिकन स्टुडिओंनी निष्कर्ष काढला की प्रेक्षकांना आता पेन्सिल नको, संगणक हवा. पण 'ट्रेझर प्लॅनेट' ज्या वर्षी पडला त्याच वर्षी हाताने रेखाटलेला, जलरंगातल्या पार्श्वभूमीचा 'लिलो अँड स्टिच' ८ कोटींत होऊन २७ कोटी कमावून गेला. पुढच्या मार्चमध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर 'स्पिरिटेड अवे'ला मिळालं, तोही हाताने रेखाटलेला, आणि स्पर्धेत 'ट्रेझर प्लॅनेट' होता. पुरावा समोर असूनही दोष माध्यमावर गेला. २००४ मध्ये डिस्नेने फ्लोरिडातला स्टुडिओ बंद केला, म्हणजे 'लिलो अँड स्टिच' जिथे तयार झाला तोच. तिथल्या कलावंतांच्या हातात काहीच चूक नव्हती.

'द आयर्न जायंट' (१९९९) हे आणखी एक उदाहरण. जाहिरात जवळजवळ झालीच नाही, अमेरिकेत २ कोटी ३० लाखांवर थांबला. पण पहिल्या विकेंडच्या चौपट गेला, म्हणजे ज्यांनी पाहिला त्यांनी इतरांना पाठवला. त्याचे दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांनी पाच वर्षांनी पिक्सारसाठी 'द इन्क्रेडिबल्स' केला आणि तो जगभर ६० कोटींपुढे गेला.

तुमचा चित्रपट पडला, तर टीम मोडण्याआधी तीन आकडे समोर ठेवा: पहिला विकेंड, दुसऱ्या विकेंडची घसरण, आणि बजेटच्या अडीचपटीपासूनचं अंतर. पहिला कमी आणि घसरणही कमी असेल तर पडदे लगेच सोडू नका, जाहिरात बदला. पहिला चांगला असून घसरण मोठी असेल तर जुन्या रील काढून बसा आणि कोणत्या स्क्रीनिंगला खोली गप्प होती ते शोधा. पहिले दोन्ही ठीक आणि तिसराच हाताबाहेर गेला असेल, तर कलावंतांना नव्हे, बजेट मंजूर करणाऱ्या मीटिंगला प्रश्न विचारा.