टॉर्च वॉरंटीत गेलीय? तोवर इन्व्हर्टर बल्ब हाताशी ठेवा

टॉर्च बदलून यायला आठवडे लागतात आणि शेतीची वीज तर बऱ्याचदा रात्रीच्या पाळीला येते. मोबाईलच्या उजेडावर मोटर चालू करायला गेलात तर ऐनवेळी फोनच बंद पडतो. दुसरी टॉर्च घेण्याआधी घरातला रिचार्जेबल एलईडी बल्ब, म्हणजे आपला इन्व्हर्टर बल्ब, वापरून बघा.

१. बल्ब दिवसभर होल्डरमध्ये लावून बटण चालू ठेवा. तो चार्ज होतो तो असा पेटलेला असतानाच.

२. बटण बंद करूनच बल्ब काढा. बुडाच्या दोन्ही टिकल्यांना चॉकलेटच्या चांदीचा तुकडा टेकवून चिकटपट्टी लावा, बल्ब हातात पेटतो. काही बल्बांसोबत हुक असलेलं टोपण मिळतं, तेच बसवलं की काम झालं.

३. उजेड चहूकडे पसरून आधी आपलेच डोळे दिपतात. वेफर्सच्या रिकाम्या पुड्याची चंदेरी बाजू आत ठेवून बल्बाभोवती नरसाळं गुंडाळा. टॉर्चसारखा लांब झोत पडणार नाही, पण पायापुढची वाट नीट दिसते. बांधावर सापकिरडाच्या दृष्टीने तेवढंच महत्त्वाचं. (गमबूट घालाच.)

मोबाईल फक्त फोन करण्यासाठी राखून ठेवा.

जपायचं एकच: चांदी किंवा टोपण काढल्याशिवाय बल्ब परत होल्डरमध्ये लावू नका, शॉर्ट सर्किट होईल.