बहुक्रीडा स्पर्धेला क्यू घेऊन निघण्याआधी

पूल, स्नूकर, बिलियर्ड्स हे क्यूचे, म्हणजे लांब काठीने चेंडू मारायचे खेळ. त्यांसाठी निवड झाली की सगळे सरावाला लागतात. त्याआधी स्पर्धेचे नियम छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. पूलमध्ये आपण नाईन-बॉल खेळणार की टेन-बॉल, हे फक्त एका चेंडूच्या फरकाचं प्रकरण नाही. टेन-बॉलमध्ये कोणता चेंडू कोणत्या खिशात घालणार हे आधी सांगावं लागतं, त्यामुळे फुकटात पडलेल्या चेंडूचा आनंद तिथे नाही. सामना किती रॅकचा (म्हणजे डावांचा), ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, आलटून-पालटून की जिंकणाऱ्याचा, शॉट क्लॉक, म्हणजे एका फटक्यासाठीचं घड्याळ, किती सेकंदांचं, याची नोंद करा आणि आजपासून सराव त्याच घड्याळावर सुरू करा.

मग औषधांचा डबा उघडा. रक्तदाबासाठी किंवा अर्धशिशीसाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थांबा. ही गोळी हाताचा कंप कमी करते, म्हणून क्यूच्या सगळ्याच खेळांत स्पर्धेच्या काळात तिच्यावर बंदी आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका. वैद्यकीय सवलतीचा अर्ज वेळेत करा. संघाच्या डॉक्टरांना सर्दीच्या गोळीसकट सगळं दाखवा.

क्यू टणक पेटीत घालून चेक-इन सामानात द्यायची तयारी ठेवा. हातातल्या सामानात ती नेऊ देतीलच असं नाही. क्यूच्या टोकाला नवी टिप (चामड्याची टोपी) बसवायची असेल तर निघण्याच्या बरंच आधी बसवा, म्हणजे ती खेळून खेळून दबेल. पूलवाल्यांनी टिप लावलेली जादा शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा भाग, घ्यावी. टिपला लावायचा चॉक मात्र नेहमीचाच, आणि भरपूर.

खरी परीक्षा टेबलाची. पूलचं टेबल नऊ फुटी, चेंडू ५७.१५ मिमीचा, स्नूकरचं बारा फुटी, चेंडू ५२.५ मिमीचा. ही मापं सगळीकडे तीच, पण कापड नवं असलं की चेंडू पळतो आणि हवा दमट असली की तोच रेंगाळतो. अधिकृत सरावाची वेळ थोडी मिळते आणि बरेच जण ती पॉट मारण्यात, म्हणजे चेंडू खिशात घालण्यात घालवतात, ते मला पटत नाही. पहिली काही मिनिटं नुसता पांढरा चेंडू सोडा. लांबीच्या दिशेने जाऊन परत कुठे थांबतो ते बघा. मग कोन देऊन दोन कुशन, तीन कुशन (टेबलाच्या रबरी कडा). स्नूकरच्या कापडाला लव असते, ती बॉककडून, म्हणजे डाव सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या चेंडूकडे जाते. लवेच्या उलट दिशेने हळू, साइड (बाजूची फिरकी) देऊन एक चेंडू सोडला की तो कुठे सरकतो ते दिसतं. शेवटी कुशनला चिकटलेला चेंडू कोपऱ्यात घालून खिसा किती कडक आहे ते तपासा. पंकज अडवाणीने आशियाई क्रीडा स्पर्धांत इंग्लिश बिलियर्ड्सचं एकेरी सुवर्ण २००६ ला दोह्यात आणि २०१० ला ग्वांगझूत जिंकलं. चार वर्षांनी, वेगळ्या शहरात, वेगळ्या टेबलावर.

सराव कधीकधी गोंगाटात करा. शेजारच्या टेबलावर टाळ्या पडत असताना शॉट पूर्ण करता आला पाहिजे.

कपड्यांची यादी नियमांतच असते: वेस्टकोट, बो, काळे बूट, जे लिहिलं असेल ते. वेस्टकोट घालून वाकून बघा, खांद्याला ताणत असेल तर शिंप्याकडे आत्ताच जा. क्रीडाग्रामातून सुटणाऱ्या बसचं वेळापत्रक मोबाइलवर नको, कागदावर ठेवा, आणि ओळखपत्र क्यूच्या पेटीतच.