शेळ्यांसाठी पिंपाची गव्हाण

शेळी तोंडाची फार चोखंदळ. जमिनीवर टाकलेला चारा एकदा पायाखाली आला, त्यावर मूत-लेंड्या पडल्या की ती त्याला तोंड लावत नाही. शिवाय लेंड्यांतून जंतांचा प्रसार होतो तो वेगळाच. म्हणून गव्हाण हवीच, आणि ती घरीही होते.

200 लिटरचं प्लॅस्टिकचं निळं पिंप उभं चिरा. दोन गव्हाणी मिळतात. कीटकनाशकाचं किंवा रसायनाचं पिंप मात्र कितीही धुतलेलं असलं तरी नको. कापलेली कड धारदार असते, तिच्यावर ठिबकची जुनी नळी चिरून चढवा. तळाला चार-पाच भोकं पाडा. लाकडी चौकटीवर गव्हाण जमिनीपासून फूट-दीड फूट उंच घट्ट बसवा. शेळ्या पुढचे पाय टेकवतातच. वरून लांबीला एक बांबू आडवा बांधला की करडं आत उड्या मारत नाहीत. उभ्या पट्ट्या लावणार असाल तर फट अशी ठेवा की फक्त तोंड जाईल. शिंगं अडकली तर शेळी जिवाला मुकते.

एका गव्हाणीवर दोन-तीनच मोठ्या शेळ्या. कडबा कुट्टी करूनच टाका, आणि उरलेली काडी रोज झाडून काढा.